लंकाबाईच्या नऊवारीत गिअरबॉक्स

अधिक महिन्यात जावयाला देव मानायची आमच्याकडं रीत हाय. तीन वर्षांनी एकदा सासरवाडीला बोलावतात, पाटावर बसवून पाय धुतात, वर पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्या महिन्यात जावयानं इकडची काडी तिकडं करायची न्हाई. आता सांगा, असा देव भर अंगणात, गाडीखाली उताणा, छातीवर गिअरबॉक्स घेऊन पडलेला कुनी बघितलाय का? माझ्या सासरवाडीनं बघितलाय.

मी गोरक्ष. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर हाय. वय पन्नाशीला टेकलंय, पन बायको पुष्पावती म्हनती, अक्कल अजून पाचवीतच बसलीय. गाडी आमची जुनी, पांढरी. क्लच घसरायला लागून महिना झाल्ता. नगरच्या मेकॅनिकनं मजुरी सांगितली ती ऐकून मी म्हनलं, "बाबा, क्लच बदलायचाय, गाडीचं लगीन न्हाई लावायचं." प्लेटांचा नवा सेट घेतला अन् डिकीत टाकला. बदलू की घरीच, रविवारी. असे चार रविवार गेले.

शेवटी संगमनेरपल्याडच्या अकोल्याच्या वरच्या घाटात, सासरवाडी दोन किलोमीटरवर राहिली अन् क्लचनं राम म्हटला. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलंना, अन् वास असा की कुनीतरी चप्पल भाजतंय. मेहुना भीमा त्याची निळी जीप घेऊन आला अन् टोचन लावून आमाला गावात नेलं. गुमान न्हाई नेलं. हॉर्न वाजवत. मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत, वरात काढल्यासारखं.

त्याचंबी चुकत नव्हतं म्हना. मागल्या धोंड्याला मी त्याच्या जीपच्या सायलेन्सरात रताळं घातलं हुतं. दीड तास इंजिन खोलून बसला हुता बिचारा.

अंगणात गाडी थांबली तसा भीमा मिशीवर हात फिरवत म्हनला, "दाजी, सकाळी संगमनेरहून मेकॅनिक बोलवू का?"

"कशाला? मी हाय की."

"तुमी? तुमाला बाजेचा पाय बसवता येत न्हाई."

"उद्या पंगत वाढायच्या आत क्लच बदलून देवळापर्यंत चक्कर मारून दाखवतो."

"अन् न्हाई झालं तर?"

आता माझं तोंड म्हंजी ब्रेक नसलेली गाडी. "तर मिशी काढतो. समद्या गावासमोर. अन् झालं तर तुझी."

बोललो अन् हात आपसूक मिशीवर गेला. माझी मिशी म्हंजी तीस वर्षांची कमाई. कंपनीत नवा साहेब आला की आधी मिशीकडं बघतो, मग माझ्याकडं. पुष्पीनं मला बघितलं तवा तिनं मला न्हाई, मिशीला पसंत केलं हुतं, असं मी आजवर समद्यांना सांगत आलोय.

सासूबाई लंकाबाई आतून आल्या. सत्तरीच्या, पन भाताची पोती पाठीवर घेऊन चढ चढलेल्या. "जावईबापू, अधिकात तुमी कामाला हात लावायचा न्हाई. गाव माझ्या तोंडात शेन घालंल."

"मामी, काम न्हाई. पैज हाय."

त्या आत वळल्या. कामाला मनाई हाय, पैजेला न्हाई.

फटफटलं तसा लागलो. गाडी ओंडक्यांवर चढवली, चाकं काढली, बॅटरी काढली, निघालेला एकेक बोल्ट भाकरीच्या टोपल्यात टाकला. भीमा पडवीत चहा फुरकत माझ्याकडं बघत हुता, जसं टीव्हीवर कायतरी लागलंय.

गिअरबॉक्स खाली घ्यायचं काम दोघांचं. पन भीमाला हाक मारली तर निम्मी मिशी तिथंच गेली. दोर बघितला, तर त्यानं तो आधीच लपवलेला. मग माझी नजर वळनीवर गेली. हिरवीगार नऊवारी! नऊ वार कापड! याच्याहून लांब दोर अख्ख्या तालुक्यात सापडला नसता. बॉनेटच्या तोंडावर आडवी पहार टाकली, बाळाची बांधतात तशी साडीची झोळी केली, अन् गिअरबॉक्स तिच्यात घेतला. शेवटचा बोल्ट सोडला. झोळी हलली. मी म्हनलं, झोप बाळा झोप.

तेवढ्यात गाठ सुटली अन् बाळ माझ्या छातीवर आलं.

लागलं न्हाई फारसं, पन पस्तीस किलोचा ऐवज, वर गाडी, खाली मी. हात अडाकलेले. अन् काळं ऑइल बरोबर माझ्या कानात, थेंब थेंब.

"पुष्पे! पुष्पे गं! अडाकलो!"

चुलीपासून आवाज आला, "व्हय का? मागं विहिरीत पडला हुता तसंच का? काठावर चप्पल ठिवून झाडामागं हसत हुता तवा?"

"भीम्या! आईशप्पथ सांगतो, खरं अडाकलोय!"

"दाजी, आवाज अजून जरा रडका काढा. आन् आईशप्पथ तुमी रताळ्याच्या वेळीबी घेतल्ती."

तीस वर्षांत मी जेवढ्या थापा मारल्या, तेवढ्या समद्या मिळून माझ्या छातीवर बसल्या. ऊन वर चाललेलं. पत्रावळी आनायला शेजारी मानूस गेला, तेबी मला ऐकू आलं. मिशी हातातनं चालली अन् मला ती धरायला हातबी न्हाई.

मग लंकाबाईंचा आवाज. "माझी साडी कुटं गेली? काल पुष्पीनं दिलेली, वळनीवर हुती."

"मामी," मी खालून म्हनलं, "साडी हितं हाय."

त्या वाकल्या. आधी साडी बघितली. मग ऑइल बघितलं. सगळ्यात शेवटी मला.

"खरंच अडाकलाय का?"

"मामी, ह्या महिन्यात मी देव हाय. देव खोटं बोलतो का?"

"बाकीचे न्हाई बोलत," त्या म्हनल्या. पन पदर खोचला, बंपरला पाय लावला, साडीचं टोक मनगटाला गुंडाळलं अन् असा हिसका दिला की गिअरबॉक्स फूटभर वर! मी पालीसारखा बाहेर.

"नव्या लुगड्याला खळ असती, गाठ निसटती. आधी भिजवायचं असतं. एवढंबी कळत न्हाई?" म्हनत त्यांनी गाठीवर तांब्याभर पानी वतलं अन् नवी गाठ मारली. वर म्हनल्या, "साडीचं मग बघते."

ते वाक्य ऐकून मला गिअरबॉक्स बरा वाटला.

पन म्हातारी गेली न्हाई. साडीचं टोक धरून उभी राहिली. मी जुनी प्लेट काढली, नवी बसवली. प्लेट बरोबर मधोमध यावी लागती, न्हाईतर गिअरबॉक्स आत शिरत न्हाई. त्याला मेकॅनिककडं खास दांडा असतो. मी लाटण्याला चिकटपट्टी गुंडाळली.

"अवो, लाटनं बघितलं का?" पुष्पी आतून.

"इंजिनात हाय!"

"आता ह्याच्यावर मी हसनार न्हाई!"

लंकाबाई वढत, मी खालून रेटत, गिअरबॉक्स जागेवर बसला. बोल्ट लावले, चाकं लावली, बॅटरी लावली. अजून पंगतीला अर्धा तास हुता. मी हात पुसले अन् टोपल्यात बघितलं.

एक बोल्ट उरलेला.

पडवीतून भीमा, एकदम गोड आवाजात, "दाजी, एक राहिला की. आता समदं परत खोलायचं का?"

बोल्ट हातात घेतला. आता ऐका, मी लेथवाला हाय. आटे बोटाला कळतात. हे आटे जाड. अन् बोल्टाच्या डोक्यावर रंगाचा टवका हुता. निळा.

मी भीमाकडं बघितलं न्हाई. कपाळावर हात मारला अन् बोंब ठोकली, "गेली रं माझी मिशी!" अन् परत गाडीखाली शिरलो.

खाली काय झ्याक सावली हुती! मधनंमधनं पाना ओंडक्यावर ठोकायचा, एखादी शिवी हासडायची. तिकडं भीमानं वस्तरा आनला, वाटीत साबनाचा फेस केला, मग गाव गोळा करायला गेला. "या या, पाव्हण्यांची मिशी बघून घ्या!" त्याची पाठ वळल्यावर मी दोन मिन्टं बाहेर जाऊन आलो. ते पुढं सांगतो.

पत्रावळी मांडल्या. लोक बसले. पुष्पीनं मीठ वाढायला घेतलं. मी सरकून बाहेर आलो, गाडीत बसलो, चावी फिरवली. अन् क्लचवर पाय ठिवला तवा मात्र खरी भीती वाटली. बोल्टाची थाप कळली हुती, पन प्लेट बसली का न्हाई हे कुनाला माहीत?

पहिला गिअर टाकला. तुपात बोट जावं तसा गेला.

देवळापर्यंत हॉर्न वाजवत गेलो, हॉर्न वाजवत आलो. उतरलो, भीमाच्या हातात बोल्ट ठिवला. "घे, तुझ्या जीपचा. अन् फेस वाळायच्या आत उरक."

त्यानं उरकलं. पैजेचा पक्का गडी. मिशी गेली अन् तोंड कसं दिसलं? सोललेलं रताळं. गाव पत्रावळीवर लोळलं.

मी पाटावर बसलो, मिशीला पीळ भरला, अन् समोर लंकाबाई. हातात साडी. हिरवी कुटं दिसत नव्हती.

"मामी, आजच नवी घेतो."

"ती तर घ्यालच. पन लेकीनं दिलेली साडी आज पंगतीत नेसायची हुती मला. त्याचं काय?" अन् त्यांनी माझ्यापुढं वाटी सरकवली. "फेस उरलाय."

मी पुष्पीकडं बघितलं. "पुष्पे, सांग की ह्यांना! ह्या मिशीलाच तर तू पसंत केलं हुतं!"

"मी?" पुष्पी वाढता वाढता म्हनली. "मी तवाच आईला म्हनलं हुतं, मिशी काढली तर मानूस बरा दिसंल."

दुपारी साडी घ्यायला अकोल्याला निघालो. भीमा म्हनला, "तुमच्या क्लचवर माझा इस्वास न्हाई, जीप काढतो." म्हनलं, काढ. धा मिन्टं चावी फिरवली त्यानं. शेवटी गप येऊन मागं बसला. पुढं लंकाबाई, मागं हसणारी पुष्पी, अन् आमी दोघं बिनमिशीचे.

घाट उतरून गेल्यावर मी त्याला सांगितलं. रताळी मिळाली न्हाईत, म्हनून बटाटा वापरला.