खंडेनवमीचा कॅमेरा

आमच्या गल्लीतली माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे मला ते म्हणवेल की नाही, याची खात्री नाही.

सुरुवात शेजारच्या नागम्माअज्जींपासून झाली. श्रावणात पहाटे त्या परडी घेऊन पूजेची फुलं काढायला बाहेर पडल्या आणि मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातली बोरमाळ ओढून नेली. मान सोलवटून निघाली बिचारीची. मग गल्ली खडबडून जागी झाली. सुरक्षा समिती निघाली, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, हार्डवेअरचं दुकान चालवणारे गुरुशांतअण्णा अध्यक्ष झाले आणि गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा बसला. त्याचं चित्र अण्णांच्या दुकानातल्या टीव्हीवर दिसायचं. सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. माझी मुलगी शिवलीला पोलीस भरतीची तयारी करते. दिवसभर युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई असते, तेव्हा पळायला तिला पहाटच तेवढी मोकळी. मैदानी परीक्षा दिवाळीनंतर होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात यंत्र म्हणून जे काही असेल त्याची पूजा होते. लूम, रिक्षा, शिलाई मशीन, काही सुटत नाही. मी स्वतः मिक्सरला हार घालते, त्यामुळे मला हसायचा अधिकार नाही. पण अण्णांच्या डोक्यात आलं की कॅमेरा हेही यंत्रच. शिडी लावून ते वर चढले, झेंडूचा घसघशीत हार घातला आणि ओल्या विभूतीची तीन बोटं थेट काचेवरून ओढली. खाली नारळ फुटला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

"अण्णा, काच तेवढी पुसून घ्या," मी खालून म्हणाले.

"वैनी, देवाची विभूती हाय. पुसायची व्हय?" अण्णा शिडीवरूनच म्हणाले. "हार काढताना बघू की."

हार काढायला कोणी चढलं नाही. मी ग्रुपवर आठवण केली, तर उत्तरादाखल जोडलेले हात आले. आमचे हे, सिद्धप्पा, मलाच म्हणाले, "तू कशाला मधी पडतीस? अध्यक्ष हायत की ते." झेंडू वाळून काळा पडला तरी तिथेच लोंबत होता.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका पहाटे शिवलीला पळत गल्लीच्या तोंडाशी आली आणि मागून आलेल्या मोटारसायकलवरच्यानं तिच्या हातातला मोबाइल हिसकावला. पोरगी पडली, गुडघा फुटला, तरी उठून गाडीमागे धावली. नंबरप्लेटला चिखल फासलेला होता. लंगडत घरी आली ती हसतच. "अव्वा, खांबाखाली त्यानं मागं वळून बघितलं. तोंडाला रुमाल न्हवता. कॅमेऱ्यात घावला बघ!"

पोलीस आले. अण्णांच्या दुकानात सगळी गल्ली टीव्हीसमोर दाटीवाटीनं उभी राहिली. पडद्यावर अर्ध्या भागात वाळका झेंडू आणि उरलेल्या भागात राखाडी धुकं. त्या धुक्यातून काहीतरी हललं आणि गेलं. तो चोर होता की कुत्रं, सांगता येत नव्हतं.

"हे काय लावलंय?" हवालदारांनी विचारलं.

"पूजा केलती," अण्णा म्हणाले. हवालदारांनी वही मिटली. शिवलीला पडद्याकडेच बघत राहिली. तिचं हसू मावळलेलं मला बघवेना.

त्याच संध्याकाळी बसवण्णाच्या देवळात बैठक झाली. मला वाटलं, आता तरी काचेचा विषय निघेल. निघाला तो भलताच. सूर्य उगवायच्या आत गल्लीतल्या बायका-मुलींनी बाहेर पडू नये, असा ठराव झाला. नागम्माअज्जींना मात्र फुलांसाठी सूट, कारण ते देवाचं काम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कॅमेऱ्याचे डोळे तुमी बांधले," मी उभी राहून म्हणाले, "आन घरात माझ्या पोरीनं बसायचं व्हय? परीक्षा तोंडावर आलीया तिची!"

"वैनी, तिच्याच भल्यासाठी हाय," अण्णा मवाळपणे म्हणाले. आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांत सिद्धप्पांचीही मान होती, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा जेवायला गेले होते तेव्हा मी दुकानाबाहेरची शिडी ओढत नेली. पदर खोचून चढले. हार काढला, ओल्या फडक्यानं काच पुसली. विभूती वाळून इतकी घट्ट बसली होती की नखानं खरवडावी लागली. निर्माल्य खाली आणून तुळशीच्या कुंडीत घातलं. बघणारे बघत होते. शिडी धरायला कोणी आलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर अण्णांचा निरोप आला, 'समितीने कॅमेरा पूर्ववत चालू केला आहे.' त्यावर अभिनंदनांची रांग लागली.

पहाटे मी शिवलीलाला हलवून उठवलं आणि पळायला पाठवलं. ती परत यायच्या आत ग्रुपवर व्हिडिओ हजर. चित्र इतकं लख्ख की तिच्या गुडघ्यावरची पट्टीसुद्धा दिसत होती. खाली अण्णांनी लिहिलं होतं, 'ठरावाचा भंग. पालकांनी नोंद घ्यावी.' चोर पकडायला उपयोगी न पडलेला कॅमेरा माझी पोरगी पकडायला अगदी तयार होता. मी भाकरीचं पीठ तसंच टाकून बसले.

शिवलीलानं व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितला. "डावा पाय वाकडा पडतुय माजा," ती म्हणाली.

पुढच्या पहाटे ती बुटांच्या नाड्या बांधत होती, तर सिद्धप्पा दाराला पाठ लावून उभे. रागावलेले नव्हते, घाबरले होते. मला त्याचीच चीड आली.

"जाऊ नगंस," ते म्हणाले. "सगळी गल्ली बघतीया."

मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं आणि कडी काढली.

"बघू द्या की," मी म्हणाले. "काच मीच पुसलीया."