चांदणीच्या पाण्याची काळी पेटी

मित्रांनो, मला हात लावण्याआधी थोडे ऐका. मी एक जुनी बॅटरीची पेटी आहे. खराडीच्या एका संगणक कंपनीत मी तीन वर्षे काम केले. वीज गेली की माझ्यातल्या शिशाच्या पट्ट्या कामाला लागत. वरच्या मजल्यावरच्या मुलांना वीज गेल्याचे कळतही नसे. मग मी थकले. पट्ट्या भंगारात गेल्या आणि रिकामी पेटी तिथले शिपाई सीताराम यांनी विश्रांतवाडीला घरी नेली.

"अहो, हे काय आणलंत?" ललिताबाईंनी विचारले.

"कोंबड्यांच्या पाण्याला. तुझं मातीचं भांडं दर महिन्याला फुटतं. ही नातवंडांपर्यंत टिकेल."

ललिताबाईंनी मला राखेने घासले. मी चकचकीत झाले. पण तळाच्या खाचांतला करडा गाळ निघाला नाही. ते शिसे होते. मला ठाऊक होते, पण सांगणार कशी?

वर्षभर नऊ कोंबड्या माझ्यातले पाणी प्यायल्या. चांदणी सर्वांत आधी यायची. हिवाळ्यात मानमोडी आली. हा विषाणूचा रोग. शेजारच्या प्रेमलाताईंनी दोन्ही घरच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत एकाच कुपीतल्या लशीचे थेंब घातले होते. त्यांची एक कोंबडी गेली. आमच्या आठ गेल्या, माना वाकड्या होऊन. उरली चांदणी.

"माझ्या कोंबड्यांना नुसतं पाणी घातलंस!" ललिताबाई ओरडल्या.

"हो ना, आणि लस मी प्यायले," प्रेमलाताई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. वीस वर्षांची मैत्री महिनाभर बंद राहिली.

जनावरांच्या डॉक्टर मंदाकिनीबाई आल्या. त्यांनी माझा गाळ तपासायला नेला. पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, "रोग या पेटीनं आणला नाही. पण शिसं अंगात साठलं की विषाणूशी लढायची ताकद कमी होते, लसही नीट लागू पडत नाही. फक्त यामुळेच मेल्या असं मी म्हणणार नाही. पण यात पाणी नको, आणि चांदणीची अंडीही खाऊ नका."

ललिताबाईंनी माझ्यातले पाणी ओतून दिले आणि मला पालथे घातले. मग शेजारच्या दाराशी गेल्या. "प्रेमला, चुकलं गं माझं."

दार लगेच उघडले नाही. संध्याकाळी मात्र प्रेमलाताईंनी मातीचे एक भांडे अंगणात आणून ठेवले.

आता मी कोपऱ्यात पालथी आहे. डॉक्टर मला योग्य जागी नेणार आहेत. मित्रांनो, घासल्याने माझ्यासारखी पेटी स्वच्छ दिसते, निर्विष होत नाही. मला कुणा तहानलेल्या जिवापुढे ठेवू नका. त्याला निवड करता येत नाही.

भरलेले भांडे शेजारी असूनही चांदणी रोज सकाळी माझ्याकडेच येते आणि माझ्या पाठीवर चोच मारते.

पाणी मागते.