चार मिनिटांचा अंधार

भाचीने काढलेला सिनेमा आमच्याच थिएटरला लागला आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मी इथला ऑपरेटर. तीस वर्षं याच केबिनमध्ये बसतोय, पडद्यावर बॉम्ब फुटला तरी मला जांभई येते. पण खेळ सुटल्यावर जिन्यात उभा राहून लोकांचं बोलणं ऐकलं की टाळकं सटकायचं.

"दोन तास नुसती खाट आणि आजारी बाई! ह्याला बक्षीस देणार?" रोज कोणी ना कोणी हेच म्हणायचं. सिनेमा बक्षिसासाठी शेवटच्या पाचांत निवडला होता ना, म्हणून लोक हट्टाने बघायला यायचे. एक नर्स मात्र तीनदा आली आणि तिन्ही वेळा डोळे पुसत गेली. दोन मित्र तर पायरीवरच भांडले. एक म्हणे सगळं थोतांड, दुसरा म्हणे, "तुझी आई अंथरुणाला खिळू दे, मग बोल."

खोटं कशाला बोलू, मलाही मध्ये मध्ये कंटाळा यायचा. पण खाटेवरची ती बाई म्हणजे माझी ताई, भाचीची आई. काम नटीचं, पण ताईच ती. सिनेमातला नवरा तिच्या खोलीत एकदाही येत नाही. आमचे दाजीसुद्धा शेवटचे तीन महिने आत गेले नव्हते. भाची मात्र आत आईपाशीच असायची. ताई गेली, आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. त्याला चार वर्षं झाली.

शेवटी पडदा चार मिनिटं काळाकुट्ट होतो. मग खोलीच्या आतल्या बाजूने बंद दार दिसतं, दाराखालच्या फटीत दोन बूट, आणि भाचीचा आवाज येतो, "बाबा, तू रोज बाहेर उभा असायचास. मला दिसायचं." बस, एवढंच. हे तिने बापासाठीच ठेवलं होतं. "मामा, एवढं बघूनही तो बोलला नाही, तर माझ्याकडून संपलं," ती मला म्हणाली होती.

आता आमच्या धंद्याची खोड अशी, की पडदा काळा झाला की हात आपोआप हॉलच्या लाइटवर जातो. म्हणून पहिल्याच दिवशी भाचीने बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली, 'मामा, अजून आहे.' अकरा दिवस मी हात मांडीखाली दाबून बसलो.

बाराव्या दिवशी दाजी आले. मधल्या रांगेत, अगदी कडेला. मी झरोक्यातून त्यांच्याकडेच बघत राहिलो. अंधार झाला, कोणीतरी शिट्टी मारली, "ऑपरेटर, झोपलास काय रे?" आणि मेला हात गेलाच! लखकन उजेड पडला. डोअरकीपरने दारं उघडली. सगळ्यात आधी उठले ते दाजी. मी लाइट बंद केले, पण काय उपयोग? बूट पडद्यावर आले तेव्हा हॉल अर्धा रिकामा होता.

भाची जिन्याखाली उभी होती. दाजी मान खाली घालून तिच्या शेजारून निघून गेले. ती धावत वर आली. "मामा, शेवट पाहिला ना त्याने?"

मी "हो" म्हणालो. भित्रा कुठला.

दोन दिवस भाचीला टाळत फिरलो. तिसऱ्या दिवशी भाचीला सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाठ फिरवून निघून गेली. तसाच उठून दाजींकडे गेलो. "पाहिलं तेवढं पुरे," ते म्हणाले. "खरंच दाखवलंय तिने."

"खरं आहे, पण अर्धं आहे. चला!"

सकाळी रिकाम्या हॉलमध्ये त्यांना एकट्याला बसवलं. अंधार झाला. "संपलं ना? लाव लाइट," ते म्हणाले.

"बसा, दाजी!" मी झरोक्यातून ओरडलो.

मग दार आलं, बूट आले, तो आवाज आला. दाजी पुढे वाकले. मला वाटलं रडतायत, आता सगळं मिटेल.

"पोरीला दिसायचो मी?" ते रिकाम्या हॉलला विचारत होते. "मला आत जायचा धीर होत नव्हता रे. पण तिला माहीत होतं, तर तिने दार का नाही उघडलं?"

शेवटच्या रांगेमागे भाची उभी होती. मीच तिला बोलावलं होतं. तिने सगळं ऐकलं.

पडदा पुन्हा काळा झाला, आता खरोखर संपलं होतं. बटण हाताशी होतं, पण लाइट लावायची माझी छाती झाली नाही.