पहिला ट्रम्पेट

शलाकानं मुग्धाला तिसऱ्यांदा जमिनीवरून उचललं आणि तिचा ओला तळवा आपल्या ओढणीला पुसला.

"तिकडे नको सोडूस तिला," राजेश्वरी हसली. "आमच्या नळ्यांचं पाणी आहे ते."

तिनं आपल्या ट्रम्पेटची छोटी कळ दाबून फुंकर मारली. नळीत साचलेली श्वासाची वाफ थेंबथेंब होऊन खुर्चीखालच्या वर्तमानपत्रावर पडली. ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या खुर्च्यांखालचे कागद तर भिजून फाटले होते. दर रविवारी नवा कागद, ही या खोलीची रीत.

रावपुऱ्यातल्या दुकानावरची ही खोली 'चौथी पलटण'ची. पंचेचाळीस वर्षं चाललेला रॉक बँड, मागे गिटार आणि ड्रम्स, पुढे फुंकून वाजवायच्या वाद्यांची रांग. त्याच्या वर्धापनदिनाची पुस्तिका शलाका लिहीत होती, दहा महिन्यांची मुग्धा झोपेल तेवढ्या वेळात. आज संध्याकाळी मजकूर छापायला जाणार होता आणि वादकांच्या सालांचं पान अजून अपुरं होतं.

"हंबीरकाका, चौथीच का? पहिल्या तीन कुठं गेल्या?"

"अगं, आम्ही तिघांनी सुरू केलं. तिघांचे आजे संस्थानच्या फौजेत. तीन पलटणी त्यांच्या, चौथी आमची. बेस ने, सांगतो." त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली.

सदुसष्ट वर्षांचे हंबीरराव ताठ बसले होते, ट्रम्पेट मांडीवर. एकेक बोट मिटत ते सालं सांगत गेले. सहा ड्रमर झाले. एक गायक कॅनडाला गेला, एक भजनाला लागला.

"पहिल्याच लग्नात मुलीचा बाप म्हणाला, हे काय इंग्रजी, गरबा वाजवा."

"मग?"

"वाजवला की. आमच्या पद्धतीनं. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला."

"आणि जयसिंगराव? ट्रॉम्बोन, ऐंशी ते..."

"दोन हजार अकरा. दात गेले ने त्याचे. ओठाला मागून दाताचा टेका लागतो. तो गेला की वारा राहतो, सूर नाही. त्यानं बाजा पेटीत ठेवला तो ठेवलाच." त्यांनी मांडीवरचा ट्रम्पेट सरळ केला. "माझं लिही, ऐंशी ते आजपर्यंत. पहिला ट्रम्पेट. सगळ्या पानात एवढी एकच रेघ अखंड आहे, बघ."

शलाकानं लिहून घेतलं. "मग एकोणीस साली दुसरा ट्रम्पेट कशाला घेतला?"

"आवाज भरतो," हंबीरराव म्हणाले. राजेश्वरी आधीच लखलखीत असलेला ट्रम्पेट पुसत राहिली.

तालीम सुरू झाली. दोन ट्रम्पेट शेजारी शेजारी वर उचलले गेले, बोटं एकदम चालली. सूर इतका एकसंध आला की त्यातला कोणाचा कुठला ते शलाकाला कळेना. मुग्धा अंगठा चोखायची विसरली.

मग शेव-उसळ आली. सगळ्यांच्या तोंडात शेव कुरकुरू लागली. हंबीरराव मात्र शेव रश्श्यात पूर्ण बुडायची वाट पाहत होते. पावाचा तुकडाही त्यांनी पार विरघळेपर्यंत धरून ठेवला.

तेवढ्यात मुग्धा हातातल्या सिपरसकट रांगत निघाली, ती थेट त्यांच्या खुर्चीखाली. शलाका धावली, खाली वाकली. पण काळजीचं कारण नव्हतं. तिथला कागद कोरडा होता. पिवळा पडलेला, कडक, एकही डाग नसलेला. वर दिवाळीच्या सेलची जाहिरात. तारीख तीन दिवाळ्यांपूर्वीची.

ती तशीच गुडघ्यांवर राहिली. मान वर केली तेव्हा हंबीररावांचा हात वाटीवर थांबलेला होता.

"राजेश्वरीताई," ती उठत म्हणाली, "तुमच्या नावापुढं काय लिहू?"

"दुसरा ट्रम्पेट, एकोणीसपासून." उत्तर लगेच आलं. "'दुसरा' नीट लिही हं."

शलाकानं लिहिलं आणि पान हंबीररावांपुढं धरलं. त्यांनी बोटानं आपली ओळ शोधली. ऐंशी ते आजपर्यंत. ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचू लागले.

खुर्चीखाली सिपर आडवा झाला. झाकण निघालं आणि पाणी त्या पिवळ्या कागदावर पसरत गेलं.

शलाकानं पिशवीतून फडकं काढलं. क्षणभर हातात धरलं, मग घडी करून परत आत ठेवलं. मुग्धाला तिनं कडेवर घेतलं.

हंबीररावांनी पाय किंचित बाजूला घेतले आणि ट्रम्पेट उचलला.