बेचाळीस मिनिटं

जीनत पिंजारी धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रेकॉर्ड विभागात होती. रुग्ण बरा होऊन घरी गेला किंवा वारला की त्याची फाईल तिच्या टेबलावर यायची. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराचा आयसीडी या आजारांच्या जागतिक यादीतला कोड शोधायचा आणि संगणकात भरायचा, हे तिचं काम. नवजात बाळांचे कोड ‘पी’ या अक्षराने सुरू होतात. दिवस न भरलेलं बाळ असो, कावीळ झालेलं असो किंवा श्वासच न घेतलेलं असो, प्रत्येकाला एक पी आणि पुढे दोन-तीन आकडे. जीनतला ते तोंडपाठ होते. तिचा स्वतःचा मुलगा रेहान जळगावला जन्मला तेव्हा सोळाशे ग्रॅमचा होता, बारा दिवस काचेच्या पेटीत होता. कोर्स करताना तिने त्याचाही कोड शोधून काढला होता आणि घरी सासूला हसत हसत सांगितला होता. हसता येत होतं, कारण रेहान तेव्हा अंगणात सायकल चालवत होता.

मार्चमधल्या एका सकाळी रेकॉर्ड विभागाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पंचविशीचा असेल. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

“या ना भाऊ. काय काम आहे?”

“ताई, एक ईचारनं व्हतं.” त्याने कागद पुढे केला. “मी झुलाल मालचे. साक्रीकडला शे.”

तो मृतजन्माचा दाखला होता. आईचं नाव जमना झुलाल मालचे. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. बाळाचं लिंग पुरुष. मृतजन्माच्या दाखल्यात बाळाच्या नावासाठी रकाना नसतो.

“मनी बायको म्हनस, पोऱ्या रडना व्हता. एकच डाव. बठ्ठा लोक म्हनतस, तिले भास व्हयना. मीबी तेच म्हनू तिले.” तो थांबला. मग शहरातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, “ती जेवत नाही ताई. कोणाशी बोलत नाही. आईनी तिला भगताकडे पण नेलं. तुम्ही कागद बघा. रडला नसेल तर तसं सांगा. मी जाऊन तिला सांगतो, दवाखान्यातल्या मोठ्या कागदात पण तेच लिहिलंय म्हणून.”

जीनतने त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, आधार कार्ड पाहिलं आणि त्याला बाकावर बसवलं. फाईल शोधायला तिला वेळ लागला नाही. कोड तिनेच भरला होता: पी पंच्याण्णव, गर्भातच मृत्यू, कारण नमूद नाही. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, ‘मृतजन्म, पुरुष बाळ’, आणि तिने ती ओळ वाचून कोड दिला होता. नियमही तसाच होता. डॉक्टरांनी लिहिलंय त्याचा कोड द्यायचा, आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

आता तिने पुढची पानं उलटली. कळांचा तक्ता, रक्तदाबाच्या नोंदी, आईला झालेला रक्तस्राव, चढवलेल्या दोन पिशव्या. शेवटी, तक्त्याच्या मागच्या बाजूला टाचणीने लावलेला अर्धा कागद. अक्षर नर्सचं, घाईघाईतलं.

‘११.२० जन्म. एकदा क्षीण रडणे. ठोके ५०. मास्कने श्वास सुरू. ११.३० ठोके ६०, श्वास नाही. छाती दाबणे चालू. १२.०२ ठोके बंद.’

जीनतने तो कागद तीनदा वाचला. एकदा क्षीण रडणे.

ती बाहेर आली. झुलाल लगेच उठून उभा राहिला.

“भाऊ, थोडं बघावं लागेल. डॉक्टरांना विचारावं लागेल. तुम्ही फोन नंबर देऊन जा.”

“रडना व्हता का?”

त्याच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलणं तिला जमलं नाही, आणि खरं सांगायचा अधिकार तिला नव्हता. “मी फोन करते,” एवढंच ती म्हणाली. तो गेला. त्या दिवशी तिच्या हातून एकही फाईल पुढे सरकली नाही.

डिस्चार्जचा कागद डॉक्टर चेलना लोढा यांनी लिहिला होता. त्या प्रसूती विभागात शिकाऊ डॉक्टर होत्या, दुसऱ्या वर्षाला. जीनत दुपारी त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून केळं खात होत्या. जीनतने अर्धा कागद समोर धरला. चेलना मॅडमनी तो वाचला आणि केळं तसंच हातात राहिलं.

“आठवतंय मला,” त्या म्हणाल्या. “आईचं रक्त थांबत नव्हतं. मी तिच्याकडे होते. बाळाकडे बालरोगवाले आणि भाविका सिस्टर. बाळाला वर नवजात कक्षात दाखल करायची वेळच आली नाही, म्हणून त्याची वेगळी फाईल झाली नाही.”

“पण ते जिवंत जन्मलं होतं मॅडम. ठोके होते. एक ठोका असला तरी जिवंत जन्मच धरतात.”

“माहीत आहे.” चेलना मॅडमनी उरलेलं केळं सालीत गुंडाळलं. “खरं सांगू? पोटातच गेलं म्हटलं की आईच्या मनातले प्रश्न थांबतात, असं मला वाटलं. माझं काय चुकलं, कोणी काय केलं नाही, असं ती विचारत बसत नाही. मी तिच्या चांगल्यासाठीच लिहिलं.”

“तिचे प्रश्न थांबले नाहीत. लोक तिला वेडी म्हणायला लागलेत.”

चेलना मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या. सव्वीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळं. जीनतला तिचा राग यायला हवा होता, पण तो येईना. तिने स्वतःही ते पान उलटलं नव्हतंच.

“मी दुरुस्ती लिहून देते,” चेलना मॅडम म्हणाल्या. “सरांना मीच सांगते.”

त्याला नऊ दिवस लागले. वरिष्ठांची सही झाली, महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू कार्यालयाला पत्र गेलं. आधीची नोंद रद्द करून दोन नव्या नोंदी करायच्या होत्या, एक जन्माची आणि एक मृत्यूची, दोन्ही एकाच तारखेच्या. जीनतने संगणकातला पी पंच्याण्णव काढला आणि पी एकवीस पॉइंट शून्य भरला: जन्मताना गुदमरणे, तीव्र. बदलाचं कारण काय, असं संगणकाने विचारलं. तिथे बहुतेक जण ‘टंकलेखनातली चूक’ असं लिहितात. जीनतने लिहिलं, ‘फाईल पूर्ण वाचली नव्हती.’ विभागप्रमुख प्रेमराज सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “असं लिहू नका मॅडम, उद्या चौकशी झाली तर?”

“होऊ द्या सर,” ती म्हणाली.

जीनतच्या फोननंतर झुलाल आला तेव्हा जमना सोबत होती. विशीतली मुलगी, सडपातळ, पदर घट्ट ओढलेला. एवढी उन्हाची साक्रीहून बसने आली होती पण पाणी घेतलं नाही. जीनतने दोघांना आतल्या खोलीत बसवलं आणि भाविका सिस्टरला बोलावून घेतलं. चेलना मॅडमही आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

“जमना,” जीनत म्हणाली, “तू खरं सांगत होतीस. बाळ रडलं होतं.”

जमना हलली नाही. झुलालने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“किती येळ व्हता तो?” जमनाने विचारलं. जीनतने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

भाविकाने उत्तर दिलं. “बेचाळीस मिनिटं.”

“बेचाळीस.” जमनाने तो आकडा हळूच स्वतःशी म्हणून पाहिला. “मी तं तठेच पडेल व्हती. पडदानी मांगे. मग माले का बरं दखाडा नही?”

चेलना मॅडम पुढे आल्या आणि म्हणाल्या, “तुझं रक्त खूप जात होतं. आम्हाला वाटलं, तू पण जाशील. आणि नंतर... नंतर दाखवायला हवं होतं. आम्ही दाखवलं नाही. चुकलं आमचं.”

जमनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भाविकाकडेच बघत होती. “कोनी धरा व्हता त्याले?”

“मी,” भाविका म्हणाली. “माझ्या दोन बोटांनी त्याची छाती दाबत होते. शेवटपर्यंत.”

“गरम व्हता?”

“हो गं. गरम होता.”

जमना मग नवऱ्याकडे वळली. “तुमी दखा व्हता ना. कसा व्हता?”

झुलालच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं होतं. जमना तेव्हा शुद्धीवर नव्हती. त्याने दुपारीच गावी नेऊन नाल्याच्या काठाला पुरलं होतं.

“मी फडकं सोडंच नही,” तो म्हणाला. “म्हातारीनी सांगं, मरेल जन्मेलनं तोंड दखू नये. मी... मी दखंच नही, जमना.”

आणि मग तो मोठ्याने रडायला लागला, भर दवाखान्यात. बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावून पाहू लागली. जीनतने दार लोटलं.

म्हणजे त्या मुलाचा चेहरा नीट पाहिलेलं, त्या खोलीत तरी, भाविकाशिवाय कोणीच नव्हतं. ते तिच्याही लक्षात आलं असावं. ती खुर्ची ओढून जमनाच्या अगदी जवळ बसली. तिने सांगितलं, की त्याला जावळ खूप होतं, काळंभोर, कानापर्यंत आलेलं. कपाळ रुंद होतं. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती. बोटं लांब होती, नखं वाढलेली. एकदा त्याने डोळे अर्धवट उघडले होते. सांगता सांगता ती अडखळली, पण थांबली नाही. जमना एकेक गोष्ट ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू कोणी तिला रस्ता समजावून सांगत होतं. झुलालच्या डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती. जमनाचा हात उचलला गेला, त्या कानाला लागला आणि तिथेच राहिला. मग ती रडली.

किती वेळ, ते कोणी पाहिलं नाही.

जन्माच्या फॉर्मवर बाळाचं नाव लिहायचं होतं. जीनतने पेन हातात घेतलं आणि विचारलं. नाव ठरलेलं होतं, जमनाने सातव्या महिन्यातच ठरवलं होतं. “देवचंद,” ती म्हणाली. “मना बापनं नाव शे.” जीनतने ते जन्माच्या फॉर्मवर लिहिलं. लगेच दुसरा फॉर्म घेतला आणि तेच नाव मृत्यूच्या रकान्यातही लिहावं लागलं.

निघताना जमना दारात थांबली. तिने जीनतचा हात धरला. आता ती आभार मानेल, असं जीनतला वाटलं, आणि तिला ते नको होतं.

“ताई, भास ऱ्हाता तं बरं व्हतं,” जमना म्हणाली. “भास म्हनीसन मी कधीतरी इसरी जाती. आते तो बेचाळीस मिनिटं माले आवाज देत व्हता, नी मी पडदानी मांगे पडेल व्हती.”

जीनतने तिचा हात घट्ट धरला.

दोन्ही दाखले तयार झाले तेव्हा मे महिना लागला होता. ते न्यायला झुलाल एकटाच आला. जमना माहेरी होती. जेवते, कामाला जाते, बोलतेही, तो म्हणाला. हापशावर बायांनी विचारलं तर सांगते, मला मुलगा झाला होता, देवचंद नाव त्याचं, बेचाळीस मिनिटं होता. कोणी तिला वेडी म्हणत नाही. पण झुलालच्या घरी यायला अजून तयार नाही. तो न्यायला गेला की ओट्यावर येऊन बसते, चहा देते, आणि एकच विचारते, फडकं का सोडलं नाही.

“काय सांगू ताई तिला?” त्याने विचारलं.

त्याने दाखले पिशवीत घातले, पिशवी सदऱ्याच्या आत घेतली आणि साक्रीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. जीनतच्या टेबलावर त्या दिवशीच्या अकरा फाईली होत्या. तिने वरची उघडली. डिस्चार्जचा कागद बाजूला ठेवला आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.