तिसरं विकर

शेषराव मुंबईच्या एका प्रयोगशाळेत औषधांची गणितं करायचा. औषध बनवणारे वेगळे. त्यांनी बनवलेलं औषध कुणाला धरील आणि कुणाला सोडील, हे आकड्यांवरून ताडायचं काम त्याचं. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि संगणक म्हणजे तेव्हा खोलीभर यंत्र. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची आणि मग लांबलचक कागदावर उत्तरं घ्यायची.

गोचीड मारायचं नवं औषध शोधायचं चाललं होतं. शरीरातली कामं उरकणारी जी विकरं, म्हणजे एन्झाइमं, असतात, त्यांची घराणी असतात. गोचिडाच्या अंगातलं एक विकर बंद पाडलं की तो मरतो. पण त्याच विकराचा चुलतभाऊ माणसाच्या अंगात असतो आणि दोघांचा तोंडवळा सारखा. म्हणून गोचिडाचं विष माणसालाही भोवतं. रेणूची शेपटी लांब केली, एखादा अणू बदलला, की एकावरची पकड घट्ट होते आणि दुसऱ्यावरची सैल. शेषरावनं अशा कितीतरी रेणूंची समीकरणं मांडली. त्यातला एक लांब, तेलकट शेपटीचा रेणू असा निघाला की गोचिडाच्या विकराला कवटाळायचा आणि माणसाच्या विकराला जेमतेम शिवायचा. प्रयोगशाळेत करून पाहिलं, तर उत्तर तंतोतंत जुळलं. त्या दिवशी शेषरावचे पाय जमिनीवर नव्हते.

दिवाळीला तो आपल्या गावी, सोनाळ्याला आला, तेव्हा त्या औषधाची एक बाटली त्याच्या पिशवीत होती. ती बाहेर न्यायची परवानगी नव्हती. पण थोरला भाऊ पुंजाजी याच्या बैलांच्या कानात, जांघेत, शेपटीखाली गोचीड नुसते लटकत होते, आणि आपली विद्या घरच्या गोठ्यात एकदा तरी उपयोगी पडावी असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. वडील गेल्यावर पुंजाजीनंच त्याला शिकवलं होतं.

"हाताले काही होत नाही ना?" पुंजाजीनं विचारलं.

"माणसाले नाही काही करत," शेषराव म्हणाला. "तेच त काढलं हाये यातून."

पुंजाजीनं बाटलीतलं औषध बादलीत कालवलं आणि उघड्या हातांनी, फडक्यानं बैल चोळून काढले. दुसऱ्या दिवशी गोठ्यात गोचिडांचा सडा पडला. कोंबड्या धावत आल्या आणि टिपून टिपून खाऊ लागल्या. पुंजाजी खूष झाला. उरलेलं औषध त्यानं माळ्यावर ठेवून दिलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर चुलत बहिणीचं लग्न निघालं, म्हणून शेषराव पुन्हा गावी आला. अंगणात दोन-तीन कोंबड्या बसून होत्या. उठायला गेल्या की पाय पसरायचे, मान मात्र ताठ. वहिनी सोजराबाई म्हणाली की महिन्याभरात चार अशाच गेल्या. शेषरावनं वाकून पाहिलं. मानमोडी असेल, दरवर्षी येते, असं तो म्हणाला आणि लग्नाच्या गर्दीत मिसळला. जेवताना पुंजाजी पोटऱ्या चोळत बसला होता. गव्हाला पाणी देताना थंडी भरली असेल, मुंग्या येतात, असं तो सांगत होता. शेषरावनं मान हलवली. निघताना पुंजाजीनं विचारलं की गोचीड पुन्हा दिसू लागलेत, उरलेलं औषध लावू का.

"लाव ना," शेषराव म्हणाला.

मुंबईत परतून महिना झाल्यावर एक दिवस चहाच्या वेळी त्यानं सहज कोंबड्यांची गोष्ट काढली. त्याचे वरिष्ठ ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, कोंबड्यांनी नेमकं काय खाल्लं होतं? शेषरावला बाटलीचं सांगावं लागलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. ते म्हणाले की त्याच घराण्यातलं एक तिसरं विकर मज्जातंतूंमध्ये असतं. त्याला औषधानं धरलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी लांबलांब तंतू टोकाकडून वाळत येतात, आधी पायातले. आणि ते पारखायचं असलं की कोंबडीवरच पारखतात.

शेषरावनं त्या आठवड्यात तिसऱ्या विकराचे आकडे जमवले, कार्डांना भोकं पाडली आणि यंत्राला दिली. उत्तर आलं तेव्हा ते वाचायला त्याला वेळ लागला नाही. ज्या तेलकट शेपटीमुळे औषध माणसाच्या एका विकराला सोडत होतं, त्याच शेपटीमुळे ते दुसऱ्याला घट्ट धरत होतं. यादीतल्या सगळ्या रेणूंत त्याचाच रेणू याही बाबतीत पहिला होता. दोन भावंडांचा हिशेब त्यानं चोख केला होता. तिसरं त्याच घरात होतं, आणि त्यानं त्या खोलीत डोकावलंच नव्हतं.

तो गावी पोचला तेव्हा पुंजाजी भिंतीला धरून ओट्यावर येत होता. पावलं वर उचलत नव्हती; फरशीवर फटफट आपटत होती. दुसऱ्यांदा बैल चोळल्यावर पाय गेले, असं सोजराबाईनं सांगितलं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली होती.

शेषरावनं भावाजवळ बसून सगळं सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं सोपं करून.

"देलं तवा तुले मालूम होतं काय?" शेवटी पुंजाजीनं विचारलं.

"नव्हतं."

"मंग तुहा काय कसूर?"

"कोंबड्या पाह्यल्या होत्या मी, दादा. तवाच कोनाले इचारलं असतं त..."

पुंजाजी आपल्या पायांकडे पाहत राहिला. बैल दावणीला रवंथ करत होते. त्यांची कातडी जाड; त्यांना काही झालं नव्हतं.

"त मंग दुसऱ्या खेपेले लाव म्हनलं, ते नव्हतं म्हनाले पाह्यजे," तो म्हणाला.

"हाव," शेषराव म्हणाला.

ते औषध पुढे कुणीच बनवलं नाही. शेषरावच्या गणितात तिसऱ्या विकराचा रकाना कायमचा आला, आणि कोंबडीवर पारखल्याशिवाय कोणताही रेणू पुढे सरकेनासा झाला. या कामाचं त्याचं परगावच्या सभांमधून कौतुक व्हायचं. कुणी विचारलं की तिसरं विकर घ्यायचं कसं सुचलं, तर तो म्हणायचा, असंच.

पुंजाजीचे पाय थोडे सुधारले, पण काठी सुटली नाही. बैल विकले, शेत बटईनं दिलं. भावाशी तो आधीसारखाच बोले, पानाला चुना लावून देई, मुंबईचं विचारी. एका उन्हाळ्यात शेषराव घरी असताना पुंजाजीला ताप भरला. शेषरावनं पिशवीतून गोळी काढून पुढे केली. साधीच होती, कोणत्याही दुकानात मिळणारी.

पुंजाजीनं ती घेतली, क्षणभर तळहातावर धरली आणि परत दिली.

"ठेव तथीसा, तांब्याजवळ," तो म्हणाला. "घेतो मंग."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता. गोळी पाण्याच्या तांब्याजवळ तशीच पडली होती. सोजराबाईच्या नजरेला पडायच्या आत शेषरावनं ती उचलली आणि खिशात टाकली.