मातामायच्या मागचा चुना

दिवाळीनंतरची गावची जत्रा, मंडई, तोंडावर आली आणि मातामायच्या दगडांना चुना मारायची पाळी यंदा पंचफुलाबाईच्या घराकडे आली. पाळी कुणाचीही असो, हात पंचफुलाबाईचाच लागायचा. बाकीच्या बाया कुंचा फिरवतात की देवीला गुदगुल्या करतात, हे ती त्यांच्या तोंडावर म्हणायची.

यंदाही दगड तिनं दुधासारखे केले. पण तिथं ती थांबली नाही. देवीच्या मागं नाल्याच्या उतरणीवर काळे ओले खडक आहेत आणि त्यांच्या भेगांतून झालरीसारखी हिरवी पानं लोंबतात. त्या खडकांना आजवर कुणी चुना लावला नव्हता, देवीनंही मागितला नव्हता. पंचफुलाबाईनं बादली तिकडं ओढली. खडक, भेगा, पानं, सगळं पांढरं करूनच ती घरी आली.

सून रुपा पावसाळ्यापासून त्याच खडकांपाशी फोन घेऊन आडवी पडायची. फोनच्या डोळ्यावर एक बारकी काच चिकटवायची, कोपरं चिखलात रोवायची आणि श्वास धरून एकाच पानाचे फोटो काढायची. ते पान गोगलगाईसारखं वेटोळं होतं तेव्हापासून तिनं त्याची पाठ धरली होती. अड्याळच्या बाजारात एका बाईनं चारचौघांत विचारलं, "काहून व पंचफुलाबाई, तुही सून नाल्यात लोळते म्हणतात?" त्या दिवशी पंचफुलाबाई वांगी टोपलीतच टाकून निघाली होती.

घरी रुपानं समजावून सांगितलं होतं. "आई, याले नेचे म्हणतात. याले फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर ठिपके येतात, ते पिकून फुटतात. तेवढा एक फोटो भेटला का कोंबापासूनची माही रांग पुरी होते. नागपूरच्या प्रदर्शनात पाठवाची आहे."

"फूल नाही, बी नाही, अन् फोटो कायचा काढतं? उद्या गोट्याचा काढशील."

एवढं बोलून पंचफुलाबाई गप्प बसली नव्हती. एका सकाळी ती सुनेच्या मागोमाग गेली आणि मोहाच्या झाडाआड उभी राहून कोणता खडक, कोणती भेग, कोणतं पान, ते नीट पाहून आली. रुपाला याचा पत्ताही नव्हता.

चुना मारल्याच्या दुसऱ्या दिवशी रुपा उतरणीवर गेली. पंचफुलाबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन मागून पोचली. सुनेनं आरडाओरडा केला तर द्यायला उत्तरं तयार होती. देवीच्या कामात तुझी मर्जी विचारू का, हे त्यातलं पहिलं.

रुपा उकिडवी बसून ओल्या पदराच्या टोकानं पान पुसत होती. चुना वाळून त्याची पापडी झाली होती. पापडी निघाली, तिच्याबरोबर पानही तुटून हातात आलं.

"पिकाले थोडंच बाकी होतं," रुपा पुटपुटली. मग सासूची चाहूल लागून तिनं मान वळवली. "चूक माहीच आहे, आई. जागा कधी दाखवलीच नाही तुमाले. तुमाले का मालूम, माहं पान कोणतं होतं ते."

पंचफुलाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. 

तेवढ्यात शेजारची मालनबाई नारळ घेऊन आली. "अव्वं बाई! नाल्यालेबी चुना! सेवा करावं त पंचफुलाबाईनं. आमच्या सुनायले सांगा म्हटलं का कंबर दुखते."

"हो ना," रुपा म्हणाली. "आई एकट्याच राबल्या काल."

खरं काय ते पंचफुलाबाईला गिळून टाकता आलं असतं. मंडईला येणाऱ्या पाहुण्यांपर्यंत तिच्या सेवेचं नाव गेलं असतं.

"सेवा नाही व मालन." पंचफुलाबाई म्हणाली. "मी मोहाच्या आडून पायलं होतं, हे कोणत्या पानापाशी बसते ते. मले सारं मालूम होतं. म्हणूनच मारला."

"का बोलून रायली तू?"

"मराठीच बोलून रायली. देवीचं नाव घेतलं अन् माहा राग काढला."

मालनबाईनं एकदा सासूकडं, एकदा सुनेकडं पाहिलं. नारळ फोडायचं विसरून ती तो तसाच पोटाशी धरून परत फिरली. गावात जायला तिला आता कुणी घाई करायला नको होतं.

 रुपानं तुटलेलं पान खडकावर ठेवलं, काच चिकटवली आणि आडवी झाली.

"सरका. सावली पडते."

त्यात 'आई' हा शब्द नव्हता. पंचफुलाबाई सरकली. फोटो निघाल्यावर तिनं आपणहून वाकून पाहिलं. फोनमध्ये ते पान केळीच्या पानाएवढं दिसत होतं. त्यावर चुन्याची ढेकळं, मधूनमधून सोललेलं हिरवं, आणि कडेला न पिकलेले फिके ठिपके.

"हा कायले काढला?"

"रांगेत शेवटी हाच लागन."

"नागपूरचे लोक विचारतील ना, असं कोणं केलं म्हणून."

"विचारतील."

शेळीनं खाल्लं म्हण, हे जिभेवर आलं होतं. पंचफुलाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"माहं नाव लिहजो. अर्धं नको लिहू. पंचफुला केशवराव हटवार."

रुपा पदराच्या कोरड्या टोकानं काच पुसत राहिली. लिहिते म्हणाली नाही, नाही लिहीत असंही म्हणाली नाही.